वितळथेंबांच्या चार स्लाइड : दगड चोख, माहितीपत्रक चुकीचं

किंमत साडेचौदा हजार. डबीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे दगडाचे चार पातळ छेद: लोणारचा धडककाचेचा (उल्का आदळून वितळलेल्या दगडाच्या काचेचा) तुकडा, ऑस्ट्रेलेशियन टेक्टाइट (धडकेत दूरवर उडालेल्या वितळाची काच), साधा कॉन्ड्राइट (गोलकांनी भरलेला दगडी उल्कापाषाण) आणि चंद्रावरून आलेला उल्कापाषाण. गोव्यातल्या भूशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी हा संच जरूर घ्यावा, मात्र सोबतचं माहितीपत्रक मुलांच्या हाती देऊ नये.

पत्रकात प्रत्येक गोल थेंब धडकेतून झाला असं सरसकट लिहिलंय. कॉन्ड्राइटमधले गोलक म्हणजे कॉन्ड्रूल. ते सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, सूर्याभोवतीच्या धूळचकतीत धुळीचे गोळे वितळून तयार झाले. ते वितळले कशाने, यावर अजून वाद आहे. नायजेरियातल्या गुज्बासारख्या मोजक्या उल्कापाषाणांतले गोलक मात्र दोन पिंडांच्या टकरीतले मानले जातात. अपोलो १७ या चांद्रमोहिमेने आणलेल्या नारिंगी मातीतले काचमणीही पत्रकाने धडकेच्या खात्यात टाकलेत. ते ज्वालामुखीच्या कारंज्यातले आहेत. ज्वालामुखीचे मणी आतून एकजिनसी असतात. धडकेच्या काचेत मात्र रंगाचे पट्टे, न वितळलेले कण आणि बुडबुडे सापडतात, कारण जे सापडेल ते एका क्षणात वितळलेलं असतं.

हे सगळं पाहायला लोणारची स्लाइड सर्वांत सरस. बेसाल्टात झालेलं धडकेचं विवर पृथ्वीवर दुर्मीळच, त्यामुळे चंद्राशी तुलनेला यापेक्षा जवळचं काही नाही. ४एक्सवर तपकिरी काचेचा एक अश्रूच्या आकाराचा थेंब सापडतो. १०एक्सवर त्याच्या शेपटीकडे ओढल्या गेलेल्या प्रवाहरेषा आणि लांबट झालेले बुडबुडे दिसतात. ध्रुवक (प्रकाश एकाच दिशेत कंपू देणाऱ्या चकत्या) एकमेकांना आडवे केले की थेंब काळा पडतो आणि स्लाइड कितीही फिरवली तरी काळाच राहतो. ही काचेची खूण. शेजारी सरळ कडांचा, पट्टीसारखा कणही तसाच काळा दिसतो. तिथे मुलं हमखास फसतात. तो थेंब नव्हे, मॅस्केलिनाइट आहे: धक्क्याने स्फटिकरचना मोडलेलं फेल्डस्पार हे खनिज, न वितळता आकार राखून राहिलेलं.

काळं दिसणारं तिसरं म्हणजे भोकात भरलेलं एपॉक्सी, म्हणजे छेद चिकटवायची राळ. ते ओळखायला डायफ्रॅम जवळजवळ मिटा, कडेवर फोकस करा आणि मंच किंचित खाली न्या. उजळ रेषा जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला सरकते. बेसाल्टी काचेचा अंक १.६ च्या आसपास, एपॉक्सीचा १.५४ च्या जवळ, म्हणून रेषा थेंबाच्या आत शिरते. टेक्टाइटचा साधारण १.५, तिथे ती बाहेर एपॉक्सीकडे जाते. या टेक्टाइटच्या वर्षावाचे, सुमारे ७.९ लाख वर्षांपूर्वीचे, मिलिमीटरहून लहान थेंब हिंदी महासागराच्या तळगाळात आहेत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केलाय. शिकवताना हा धागा सोडू नये.

चंद्राची स्लाइड जेमतेम. आडव्या ध्रुवकांत अॅनॉर्थाइट (चंद्रावरचं फेल्डस्पार) करडं-पांढरं, फार तर फिकट पिवळसर दिसायला हवं. इथे एका कडेला ते नारिंगीकडे झुकतं, म्हणजे ती कड नेहमीच्या ३० ऐवजी ३५–४० मायक्रॉन जाड राहिली. मधला भाग ठीक आहे. त्यात ब्रेशियाच्या (फुटके तुकडे सांधून झालेल्या खडकाच्या) भुग्यात दोन गोलक आहेत, एक काचेचा आणि एक पिसासारख्या स्फटिकांनी भरलेला, म्हणजे थोडा सावकाश थंड झालेला. लेबलवर मात्र नुसतं ‘चंद्र’ लिहिलंय. अपोलोचे नमुने विक्रीला नसतात. जे विकलं जातं ते उल्कापाषाणच, आणि त्याला नोंदणीचं नाव किंवा क्रमांक असतो. तो मागून घ्या. लोणारचा तुकडा कुठून आणि कोणत्या परवानगीने आला, हेही लेखी विचारा. तिथे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही.

छेदांवर आवरणकाच नाही, हे पत्रकात कुठेच नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ते सोयीचं आहे. पण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली ४०एक्स भिंग ०.१७ मिलिमीटरच्या आवरणकाचेसाठी बनवलेली असते, त्यामुळे प्रतिमा धुरकट दिसते. भिंगाला दोष देऊ नका. पाहण्यापुरती वर सुटी आवरणकाच ठेवा, मध्ये ग्लिसरिनचा एक थेंब, आणि काम झाल्यावर लगेच पुसून घ्या. अॅसिटोन लावू नका, एपॉक्सी मऊ पडतं.

आपल्याकडे खरी काळजी पावसाळ्याची. कॉन्ड्राइटमधल्या लोह-निकेलच्या कणांभोवती तपकिरी गंजाची वलयं धरतात आणि शेजारचे कॉन्ड्रूल डागाळतात. सोबत दिलेली पुठ्ठ्याची डबी जूनमध्येच दमट होईल. रबरी कडेचा घट्ट डबा आणि निळं सिलिका जेल वापरा, ते गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवा. बजेट तोकडं असेल तर लोणार आणि कॉन्ड्राइट या दोन सुट्या मिळतात का ते आधी विचारा.