अर्ध्या मिनिटाची क्लिप की दहा मिनिटांचा सारांश?

अमेरिकी कॉलेजांचे क्रीडा विभाग सामन्यातले क्षण चाहत्यांना साधारण दोन प्रकारे दाखवतात: इन्स्टाग्रामवरची छोटी उभी क्लिप किंवा यूट्यूबवरचा आठ-दहा मिनिटांचा सारांश. क्लिप सामना चालू असतानाच हातात येते, हा तिचा मोठा गुण.

पण १५ फेब्रुवारी २०२४चा आयोवा-मिशिगन महिला कॉलेज बास्केटबॉल सामना घ्या. आयोवाच्या केटलिन क्लार्कचा लांबून मारलेला विक्रमी थ्री-पॉइंटर (तीन गुणांची बास्केट) क्लिपमध्ये मावतो. तिचे त्या रात्रीचे ४९ गुण आणि १३ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास) मावत नाहीत. पास कुणी झेलला, बचाव कुठे फुटला, हे सारांशातच कळतं. मात्र कोपऱ्यात स्कोअर आणि घड्याळ हवंच! मी तरी सारांशच निवडेन, तोही मूळ कॉमेंट्रीसह. वरून ढणढणतं संगीत नको.