टोमॅटो बेडकासाठी तळाला काय: कोकोपीट की टिश्यू पेपर?

नवा बेडूक घरी आला की पहिले महिनाभर मी त्याच्या टाकीच्या तळाला टिश्यू पेपरच घालतो. विष्ठा लगेच दिसते, जंताची शंका आली तर नमुना पशुवैद्याकडे नेता येतो. कागद मात्र रोज बदलावा लागतो, आणि ओला साधा पांढराच हवा, सुगंधी नको.

पण कायमचं घर म्हणून माझं मत ठामपणे कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, बाजूने आहे. हा मादागास्करचा बेडूक दिवसा मातीत रुतून बसतो, अंधार पडल्यावर भक्ष्याची वाट पाहतो. कागदावर त्याला लपताच येत नाही, आणि बिचारा ताणाखाली राहतो. सात-आठ सेंटिमीटर थर पुरतो. नर्सरीतून कोकोपीटची दाबलेली वीट घेताना खत मिसळलेली नाही ना, हे विचारा. क्षार जाण्यासाठी दोन-तीनदा धुऊन घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं तर ते फार ओलं आहे.

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की फवारा जवळपास बंद ठेवावा, नाहीतर कोकोपीट आंबतं आणि कातडीला जंतुसंसर्ग होतो. एप्रिल-मेमध्ये उलट: टाकी २७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, पाण्याची वाटी रोज क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरा.

कोकोपीटची एकच खरी अडचण म्हणजे झुरळ गिळताना तंतूही पोटात जातात. म्हणून मी खाणं चिमट्याने देतो. खडी मात्र दोन्हींच्या ऐवजी कधीच घालू नका. गिळली तर आतडं तुंबतं.