पहिलं नाव की शेवटचं 'आणि'?

नाटकाच्या करारावर सही करण्याआधी जाहिरातीत आपलं नाव कुठे छापायचं यावर अडला असाल, तर माझ्यापुरतं सांगतो. मी दोन्हीकडे राहून आलोय. एका नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यांच्या वर, आणि आता सगळ्यांच्या शेवटी, नावाआधी 'आणि' लावून.

पहिल्या नावाची भुरळ खोटी नाही. पुढच्या कामाचे पैसे ठरताना मागची जाहिरातच आपल्या बाजूने बोलते. म्हणून तर 'द टॉवरिंग इन्फर्नो' या हॉलिवूडपटाच्या (१९७४) वेळी एवढी कसरत झाली. स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन, पहिला मान दोघांनाही हवा. शेवटी मॅक्वीनचं नाव डावीकडे आणि न्यूमनचं उजवीकडे, पण जरा वर. आता कुणी कसंही वाचा!

मात्र वरचं नाव म्हणजे मोठी भूमिका, असंही नसतं. १९७८च्या 'सुपरमॅन'मध्ये मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन वर होते. खुद्द सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह त्यांच्यानंतर. वरच्या नावाचं काम तिकीट खपवण्याचं.

मला नडलं ते नेमकं हेच. दुसऱ्या घंटेच्या सुमारास व्यवस्थापक मेकअप रूमच्या दारात येऊन नुसता उभा राहायचा. बोलायचा काही नाही, पण बघायचा माझ्याकडेच. मग मी पडद्याच्या फटीला डोळा लावून रिकाम्या खुर्च्या मोजायचो. एकदा चौथ्या रांगेत सलग सात दिसल्या आणि प्रवेशात 'पाच वर्षांनी आलो' म्हणायचं ते 'सात वर्षांनी आलो' म्हणून बसलो. पुढे बायकोचं काम करणाऱ्या नटीला सगळा हिशेब जुळवून घ्यावा लागला. संहिता ढिली होती, दुसरा अंक रेंगाळायचा. तरी पडलं ते 'माझं' नाटक. बाकीचे 'काम छान झालं' ऐकून घरी गेले.

'आणि'चा रुबाब वेगळा. हिंदी सिनेमात कितीतरी नामावल्या 'और प्राण'वर संपायच्या, आणि त्यात कुणाला कमीपणा दिसला नाही. तोटे आहेतच. पैसे कमी, आणि जाहिरात लहान झाली की कात्री पहिली तुमच्यावर. माझं नाव दोनदा गळलं. तेव्हा स्वतंत्र ओळ, अक्षरांचा आकार आणि 'प्रत्येक जाहिरातीत' हे शब्द करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन छापखान्यापर्यंत पोचत नाही.

वय हाताशी असेल आणि मानधन चढवायचं असेल, तर एकदा वरचं नाव घेऊन बघायला हरकत नसावी. प्रत्येकाची झोप माझ्याइतकी हलकी नसते.

परवाच्या प्रयोगाला व्यवस्थापक तसाच दारात आला. सवयीने मी अर्धा उठलो. तो शेजारच्या आरशासमोर बसलेल्या पोराकडे बघत होता. मी खाली बसलो आणि मिशी चिकटवायला घेतली.