फोल्डस्कोप: तळ्याचं पाणी शिकवायला घ्यावा का?

फोल्डस्कोप हा घडी घालून जोडायचा कागदी सूक्ष्मदर्शक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तो घडवला, २०१४ मध्ये त्याचा शोधनिबंध आला आणि ‘एका डॉलरपेक्षा कमी खर्चाचा सूक्ष्मदर्शक’ म्हणून नाव झालं. तो आकडा बनवण्याच्या खर्चाचा आहे. विकत घेताना किंमत बरीच जास्त पडते, त्यामुळे एक डॉलरच्या हिशोबाने शाळेकडे मंजुरी मागू नका.

इथे तो एकाच कामासाठी तपासला आहे: सहावी ते नववीच्या मुलांना तळं ही परिसंस्था शिकवणं. पानाच्या पेशी नि कांद्याची साल बघायला तो चांगलाच आहे, पण ते काम शाळेतला जुना सूक्ष्मदर्शकही करतो. तळ्याच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. कोण कुठे राहतं, कोणाला खातं, आणि जागा बदलली की ते तिथे का सापडत नाही, हे मुलांना कळलं पाहिजे. फोल्डस्कोप यातला एक तुकडाच दाखवतो. तो तुकडा मोलाचा आहे, पण बाकीचं तीन साध्या बरण्या आणि एका पांढऱ्या ट्रेने करावं लागतं.

आधी वस्तूबद्दल. कागद साधा नाही, पाण्याने न भिजणारा कृत्रिम कागद आहे, म्हणून तळ्याकाठी ओल्या हातांनीही तो धरता येतो. भाग सुटे करून, रंग जुळवून, घड्या घालून तो जोडायचा. मोठ्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं लागतात, मुलांच्या गटाला एक तासिका धरा. बिघडतं ते तीन ठिकाणी. घडीवर नख फिरवून ती पक्की केली नाही तर फोकस टिकत नाही. चुंबकाच्या चकत्या उलट्या लागल्या तर भाग एकमेकांना चिकटण्याऐवजी ढकलतात. आणि लेन्सवर बोटाचा ठसा उमटला की सगळं धुक्यात दिसतं. तो मऊ सुती कापडाने टिपायचा, शर्टाच्या टोकाने घासायचा नाही.

चौथी चूक मात्र सगळ्यांची होते आणि कारण माहीत नसेल तर मुलं ‘सर, हा बिघडलाय’ म्हणून सोडून देतात. लेन्स म्हणजे काचेची एक बारीक गोळी, जेमतेम अडीच मिलिमीटरची. ती १४० पट मोठं दाखवते, पण त्यासाठी पाण्याचा थेंब लेन्सच्या अर्धा मिलिमीटर इतका जवळ लागतो. काचपट्टी स्वतःच एक मिलिमीटर जाड असते. ती उलटी घातली, म्हणजे कव्हरस्लिपची (थेंबावर झाकायच्या पातळ तुकड्याची) बाजू लेन्सपासून दूर गेली, की थेंब कधीच फोकसमध्ये येत नाही, कितीही ओढाताण केली तरी. थेंबाची बाजू लेन्सकडे. हे वाक्य फळ्यावरच लिहून ठेवा.

डोळा लेन्सला जवळजवळ टेकवावा लागतो, चष्मा असेल तर काढूनच. उजेड खिडकीचा किंवा मोबाइलच्या टॉर्चचा. सूर्याकडे थेट धरायचा नाही, हे बजावून सांगा.

आता खरं काम, पाणी आणणं. एका बादलीत सगळं पाणी गोळा करून वर्गात आणलं की धडा तिथेच मेला. तळ्यात वरचा थर, पाणवनस्पतींमधली जागा आणि तळाचा गाळ ही तीन वेगळी घरं आहेत. म्हणून रुंद तोंडाच्या तीन बरण्या घ्या, प्रत्येकी पाव लिटरच्या. एकीत पृष्ठभागाचं पाणी, दुसरीत हायड्रिलाच्या फांद्या किंवा जलपर्णीच्या मुळ्या पाण्यात खळबळून आलेलं पाणी, तिसरीत गाळाचा वरचा पातळ थर. प्रत्येक बरणीवर जागा, वेळ, ऊन की सावली, आणि पाण्याचं तापमान. ही चिठ्ठी नसेल तर फोल्डस्कोपखाली दिसलेला प्राणी नुसता ‘मस्त किडा’ उरतो.

बरणी दोन तृतीयांशच भरायची, झाकण सैल ठेवायचं, सावलीत न्यायची. काठोकाठ भरून घट्ट झाकून उन्हात ठेवली तर ऑक्सिजन संपतो आणि दुपारपर्यंत निम्मे जीव तळाशी पडलेले दिसतात. वनस्पतीही जास्त कोंबायच्या नाहीत, कारण अंधारात त्याही ऑक्सिजनच वापरतात. नळाचं पाणी मिसळायचं नाही. त्यातलं क्लोरीन लहान जिवांना भोवतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात मुलांना उतरवू नका, पायाला जखम असेल तर नाहीच. लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका खरा आहे. पाणी काठावरून लांब दांड्याच्या मगाने घ्यायचं आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

वर्गात आल्यावर लगेच फोल्डस्कोप काढू नका. प्रत्येक बरणी आधी पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि दहा मिनिटं नुसतं बघू द्या. मोठे प्राणी इथेच भेटतात. डासाच्या अळ्या असतील तर त्या पाण्याला कशा लागलेल्या आहेत ते बघा: अ‍ॅनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते, क्युलेक्सची शेपटीकडची श्वासनळी वर लावून डोकं खाली लटकवते. दोघी हवा घ्यायला वर येतात, म्हणजे पृष्ठभाग हाच त्यांचा अधिवास. चतुराची अळी सापडली तर ती वेगळ्या वाटीत ठेवा, नाहीतर ती डासाच्या अळ्या खाते आणि तासाभरात त्यांची मोजदाद चुकायला लागते. अन्नसाखळी शिकवायला याहून सोपा प्रयोग नाही.

मग गाळणं. चहाची गाळणी अळ्यांपुरती. पाणपिसू म्हणजे डाफ्निया त्यात सापडेल, नाहीतर निसटेल. सायक्लॉप्स, म्हणजे त्याहून बारीक कवचधारी जीव, तर बहुतेक निसटतातच. त्यांच्यासाठी जुन्या ओढणीचं बारीक कापड दोन पदरी घ्या, बरणीतलं पाणी गाळा आणि कापड चमचाभर पाण्यात उलटं खळबळा. आता प्रत्येक थेंबात कोणीतरी असतं.

याच कापडाशी एक गोष्ट जोडलेली आहे. नारू हा माणसाच्या अंगात वाढणारा लांब कृमी. त्याच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात असत आणि पायविहिरीचं न गाळलेलं पाणी प्यायलं की माणसात जात. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. पाणी कापडाने गाळणं हा नारू हटवण्याचा एक मुख्य उपाय ठरला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. मुलांनी शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन थैल्या लटकवलेली सायक्लॉप्सची मादी बघितली आणि मग हे ऐकलं, तर परजीवी हा शब्द पुन्हा समजावावा लागत नाही.

काचपट्टीवर एकच थेंब, त्यात कापसाचे चार-पाच तंतू. तंतूंच्या जाळ्यात पॅरामेशियम हा भरभर पोहणारा एकपेशीय जीव अडखळतो, नाहीतर तो नजरेतून सुटतो. कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवत सोडायची, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. डाफ्निया मात्र अशी चिरडते. ती वाचवायला कव्हरस्लिपच्या दोन कडांखाली पारदर्शक चिकटपट्टीचे तीन-चार पदर द्या. त्याहून उंची वाढवली की वर सांगितलेल्या अर्ध्या मिलिमीटरचं गणित मोडतं आणि फोकस जातो. तरीही डाफ्निया पूर्ण चौकटीत मावत नाही. धडधडणारं हृदय एकदा, डोळा एकदा, असं तुकड्यातुकड्याने बघावं लागतं. उन्हाळ्यात थेंब कडेने दहा मिनिटांत सुकतो, तेव्हा ड्रॉपरने कव्हरस्लिपच्या कडेला पाणी सोडत राहा.

आकार सांगायला फोल्डस्कोपमध्ये मोजपट्टी नाही. थेंबात डोक्याचा एक केस ठेवा. केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्याच्या तुलनेत अंदाज येतो आणि मुलांना तो लक्षातही राहतो.

फोल्डस्कोप खऱ्या अर्थाने वसूल होतो तो गवताच्या काढ्यात. मूठभर वाळकं गवत लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार झाल्यावर दोन बरण्यांत ओता. एकीत तळ्याचं ५० मिलिलिटर पाणी घाला, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींवर कापड बांधा. रोज एक थेंब पृष्ठभागावरून, एक तळाकडून. पहिले दोन-तीन दिवस पाणी गढूळ होतं, ते जीवाणूंमुळे. फोल्डस्कोपची मर्यादा साधारण दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे जीवाणू ठिपक्यांसारखे दिसले तरी पुष्कळ. मग चाबकासारख्या शेपटीने पोहणारे बारीक कशाभधारी जीव येतात, आठवडाभरात पॅरामेशियम, पुढे रोटिफर, डोक्यावरचं चक्र गरगर फिरवत. गारठ्यात हे सगळं लांबतं. एका जिवामुळे दुसऱ्याची सोय होणं आणि पहिल्याचं कमी होणं, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं, इथे दोन आठवडे रोज दिसतं. वास येतो, त्यासाठी बरण्या खिडकीत ठेवा.

चाळीस मुलांना एक फोल्डस्कोप पुरत नाही, हे सांगायला नकोच. चार जणांच्या गटाला एक, म्हणजे दहा लागतील. मोबाइलला चुंबकाची चकती चिकटवून कॅमेऱ्यावर तो बसवता येतो. फोनला तीन लेन्स असतील तर मुख्य लेन्स शोधावी लागते आणि जाड कव्हर आधी काढावं लागतं. हे जमलं की प्रोजेक्टरवर सगळ्यांना एकदम दाखवता येतं, पण मग बाकीचे नऊ नुसते शोभेला राहतात. म्हणून पैसे कमी असतील तर दहाच्या ऐवजी दोनच फोल्डस्कोप घ्या आणि उरलेल्या पैशांत दहापट दाखवणारे हातातले भिंग वीस आणा. पाणपिसू, सायक्लॉप्स, चतुराच्या अळीचा पुढे झेपावणारा जबडा, हे सगळं भिंगातून अधिवासासकट दिसतं. शाळेत चालू स्थितीतला साधा सूक्ष्मदर्शक असेल तर त्याचं ४ पटीचं वस्तुभिंग (नमुन्याजवळचं भिंग), म्हणजे १० पटीच्या नेत्रभिंगासह एकूण ४० पट, डाफ्नियासाठी फोल्डस्कोपपेक्षा सरस आहे. नेहमीच्या फोल्डस्कोपला एकच भिंग, एकच पट. त्याची बाजू वरचढ होते ती तळ्याच्या काठावर, जिथे दुसरा सूक्ष्मदर्शक नेता येत नाही.

संचातल्या काचपट्ट्या लवकर संपतात. कंपनीच्याच हव्यात असं नाही. प्रयोगशाळेच्या दुकानातली ७५ बाय २५ मिलिमीटरची नेहमीची पट्टी यात बसते. काम झालं की पट्टी आत ठेवून बंद करू नका, ओल राहते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि तळ्याच्या पाण्याच्या तीन बरण्यांतले जीव ज्या तळ्यातून आणले तिथेच, त्याच दिवशी परत सोडा.