प्रशिक्षणाच्या दप्तराची पूर्वतपासणी : एका सल्लागार सेवेचे परीक्षण

द्रवरूप नैसर्गिक वायू साठवणाऱ्या एका केंद्रात प्रशिक्षणाचे दप्तर सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. अमेरिकेत अशा केंद्रांना संघराज्याच्या नियमसंहितेतील शीर्षक ४९ चा भाग १९३ लागू होतो आणि त्याची अंमलबजावणी पाइपलाइन व धोकादायक पदार्थ सुरक्षा प्रशासन, म्हणजे आम्ही सगळे ज्याला ‘फिम्सा’ म्हणतो ते खाते, करते. सरकारी निरीक्षक येण्यापूर्वी आपले दप्तर बाहेरच्या जाणकारांच्या नजरेखालून जावे, या हेतूने आम्ही एका लहान सल्लागार संस्थेची तीन दिवसांची पूर्वतपासणी सेवा घेतली. अशा सेवा देणाऱ्या संस्था अनेक आहेत. तेव्हा येथे नावापेक्षा कामाची पद्धत महत्त्वाची आहे, आणि मी लिहिणार आहे तेही पद्धतीविषयीच.

पहिल्या सकाळी दोन तपासनीस आले, तेव्हा मी प्रत्येक कर्मचाऱ्याची फाइल आडनावाच्या क्रमाने टेबलावर मांडून ठेवली होती. त्यांनी एकाही फाइलला हात लावला नाही. त्यांनी देखभाल विभागाकडून मागील तीन वर्षांतील बारा वर्क ऑर्डर मागवल्या आणि प्रत्येकीवर एकच प्रश्न विचारला : हे काम ज्या दिवशी झाले, त्या दिवशी ते करणारा माणूस त्या कामासाठी पात्र होता, हे तुम्ही कशावरून दाखवाल? आमचे सारे दप्तर प्रशिक्षणाच्या बाजूने रचलेले होते. कोणता वर्ग कधी झाला आणि त्याला कोण हजर होते, हे त्यातून क्षणात सापडत असे. मात्र कामापासून माणसाकडे आणि माणसापासून त्याच्या पात्रतेकडे उलटे चालत जायचे म्हटले, की बारांपैकी चार ठिकाणी आम्ही अडलो. या एका प्रश्नासाठीसुद्धा ही सेवा घेणे सार्थकी लागले, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या चारांपैकी एक प्रकरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. बाष्पीकरण यंत्राला जोडलेल्या एका पंपाची दुरुस्ती एका जुन्या तंत्रज्ञाने आणि एका नव्याने रुजू झालेल्या मुलाने मिळून केली होती. नव्या मुलाचे प्रारंभिक प्रशिक्षण तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. नियमाला हे सरसकट अमान्य नाही. ज्याची पात्रता सिद्ध झालेली नाही अशा व्यक्तीने यंत्रभाग हाताळण्यास हरकत नाही, परंतु पात्र व्यक्ती त्याच्यासोबत असली पाहिजे आणि तिच्याच सूचनांनुसार काम झाले पाहिजे. आमच्या कागदावर दोघांच्या सह्या शेजारी शेजारी होत्या; कोण कोणाच्या देखरेखीखाली होता, याचा उल्लेख कोठेही नव्हता. जुना तंत्रज्ञ खरोखरच पूर्ण वेळ तेथे उभा होता, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तपासनिसांचे म्हणणे असे की, ठाऊक असणे ही नोंद नव्हे आणि निरीक्षकाला फक्त नोंदच वाचता येते. त्याच आठवड्यात वर्क ऑर्डरच्या नमुन्यात ‘देखरेख करणारी पात्र व्यक्ती’ असा एक रकाना वाढवला गेला.

दुसऱ्या दिवशीचा बहुतेक वेळ हजेरीपत्रकांवर गेला. नियमातील प्रशिक्षण-नोंदींचे कलम छोटेसे आहे, पण त्यातील शब्द नेमके आहेत. प्रशिक्षणाचे कार्यक्रम प्रत्यक्ष राबवले गेले याचा पुरावा नोंदींतून मिळाला पाहिजे आणि कर्मचाऱ्यांनी ते समाधानकारकरीत्या पूर्ण केले याचाही पुरावा मिळाला पाहिजे, अशा त्याच्या दोन वेगळ्या अपेक्षा आहेत. हजेरीपत्रक पहिली अपेक्षा कशीबशी पुरी करते, दुसरी मुळीच करीत नाही. आम्ही वर्गानंतर दहा प्रश्नांची चाचणी घेत होतो. तपासनिसांनी तिच्या उत्तरपत्रिका एकावर एक ठेवून पाहिल्या, तेव्हा सलग सहा वर्षे तीच प्रश्नपत्रिका वापरली गेल्याचे आणि अलीकडच्या उत्तरांत शब्दसुद्धा सारखेच असल्याचे उघड झाले. मला त्या क्षणी फार वाईट वाटले, कारण त्या प्रश्नपत्रिका मीच छापून घेत होते आणि प्रश्न बदलावेत हे मला कधी सुचले नव्हते.

यात नुसत्या कागदोपत्री नियमपालनाचा प्रश्न असता, तर मी इतके मनाला लावून घेतले नसते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्ड येथील वायुप्रक्रिया केंद्रात २५ सप्टेंबर १९९८ रोजी गरम तेलाचा प्रवाह खंडित होऊन एक उष्णताविनिमयक (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारे उपकरण) अतिशय थंड पडला; प्रवाह पुन्हा सुरू झाल्यावर ठिसूळ झालेले पोलाद फुटले, दोन कामगार मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले आणि राज्याचा वायुपुरवठा अनेक दिवस बंद राहिला. त्यानंतर नेमलेल्या शाही चौकशी आयोगाने (रॉयल कमिशनने) १९९९ मध्ये दिलेल्या अहवालात दोष थेट प्रशिक्षणावर ठेवला, कारण थंड पोलादात गरम तेल सोडल्याने काय होऊ शकते, याचे ज्ञान तेथे काम करणाऱ्यांना दिलेच गेले नव्हते. आमच्या केंद्रातील द्रव सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसला उकळतो आणि त्याची वाफ झाली की आकारमान सुमारे सहाशे पटींनी वाढते. हवेतील मिथेनचे, म्हणजे या वायूच्या मुख्य घटकाचे, प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ते मिश्रण पेट घेऊ शकते. कमी तापमान, हवेबरोबर होणाऱ्या मिश्रणाची ज्वलनशीलता, गंधहीन वाफ आणि पाण्याशी होणारी प्रतिक्रिया हे विषय प्रारंभिक प्रशिक्षणात आलेच पाहिजेत, असे भाग १९३ नावे घेऊन सांगतो. ते समजले की नाही, हे पाठ झालेल्या दहा उत्तरांवरून कळत नाही.

तपासनिसांनी सुचवलेला उपाय साधा होता आणि तो मला पटला : प्रत्येक कामासाठी पंधरा-वीस प्रश्नांचा संच ठेवावा, प्रत्येक वेळी त्यातून वेगळे प्रश्न निवडावेत, त्यांतील दोन तरी ‘असे का’ या स्वरूपाचे असावेत आणि परीक्षकाने तोंडी उत्तराचा सारांश स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावा. यात वेळ जातो हे खरे, पण तो सत्कारणी लागतो.

उजळणी प्रशिक्षणाच्या मुदतीबद्दल त्यांनी काढलेली त्रुटी आमच्या संगणक-प्रणालीत दडलेली होती. भाग १९३ नुसार उजळणीतील अंतर दोन वर्षांपेक्षा जास्त असता कामा नये. पाइपलाइनच्या नियमांत अनेक कामांसाठी ‘प्रत्येक कॅलेंडर वर्षात एकदा, पण पंधरा महिन्यांहून जास्त अंतर नको’ अशी सवलतीची भाषा येते. येथे ती सवलत नाही. आमची प्रणाली मात्र वर्षे मोजत होती, दिवस नव्हे. एका कर्मचाऱ्याची उजळणी १२ फेब्रुवारी २०२२ रोजी झाली होती, प्रणालीने पुढची मुदत ‘२०२४’ एवढीच दाखवली, आणि प्रत्यक्ष वर्ग झाला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. म्हणजे जवळजवळ नऊ महिने तो माणूस मुदत उलटलेल्या स्थितीत काम करीत होता आणि पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवी खूण दिसत होती.

सर्वांत गंभीर गोष्ट तिसऱ्या दिवशी पुढे आली. आमच्या दप्तर-धोरणात पाच वर्षांनंतर प्रशिक्षणाचे कागद नष्ट करण्याची तरतूद होती. हा पाच वर्षांचा आकडा वायुवाहिन्यांना लागू असलेल्या भाग १९२ मधून उचललेला होता. तेथे पूर्वीच्या पात्रतेच्या आणि ते काम सोडून गेलेल्या व्यक्तींच्या नोंदी पाच वर्षे जपायच्या असतात. द्रवरूप वायूच्या केंद्रासाठी नियम निराळा आहे : कर्मचाऱ्याकडे केंद्रातील काम नसल्यापासून पुढे एक वर्ष नोंदी जपायच्या. वरवर पाहता एक वर्ष हे पाचांपेक्षा सोपे वाटते. प्रत्यक्षात जो माणूस आजही कामावर आहे त्याची अगदी पहिली नोंदसुद्धा आज हाताशी असली पाहिजे, मग ती पंधरा वर्षे जुनी का असेना. आम्ही सात अनुभवी कर्मचाऱ्यांच्या प्रारंभिक प्रशिक्षणाचे कागद धोरणाचे इमानेइतबारे पालन करीत नष्ट केले होते.

त्या बैठकीत कोणीतरी विचारले की, प्रशिक्षण झालेच होते, तर ते कागद पुन्हा तयार करून जुन्या तारखा का घालू नयेत. तपासनिसांपैकी ज्येष्ठ बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि अत्यंत शांतपणे सांगितले की, संघराज्याच्या कायद्यानुसार सरकारी यंत्रणेपुढे जाणूनबुजून खोटा दस्तऐवज सादर करणे हा फौजदारी गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि हरवलेल्या कागदाची चूक त्यापुढे काहीच नाही. त्यांनी सांगितलेला मार्ग असा : नोंद कशी व केव्हा नष्ट झाली हे आजच्या तारखेने लिहून ठेवा, त्या सातही जणांना प्रारंभिक प्रशिक्षण पुन्हा द्या, त्यांची प्रावीण्य चाचणी नव्याने घ्या आणि नव्या नोंदींवर नवीच तारीख घाला. आम्ही तसेच केले. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस गिऱ्हाइकाला न आवडणारे उत्तर इतक्या ठामपणे देतो, ही या सेवेची मला सर्वाधिक भावलेली बाजू आहे.

अंमलबजावणीची प्रक्रिया त्यांनी थोडक्यात पण बिनचूक समजावली. निरीक्षणानंतर इशारापत्र येऊ शकते, कार्यपद्धती अपुऱ्या असतील तर सुधारणेची नोटीस येते, आणि संभाव्य उल्लंघनाची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तिच्यासोबत दंडाचा किंवा सुधारणा-आदेशाचा प्रस्ताव असू शकतो. ३ जानेवारी २०१२ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक उल्लंघनामागे दिवसाला दोन लाख डॉलर आणि एकाच साखळीतील उल्लंघनांसाठी वीस लाख डॉलर केली, आणि महागाईनुसार ती पुढे वाढत गेली आहे. दंड ठरवताना उल्लंघनाचे गांभीर्य, पूर्वेतिहास आणि नियम पाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न विचारात घेतला जातो; त्यामुळे दोष स्वतः शोधून तारखेनिशी दुरुस्त केल्याची नोंद उपयोगी पडते.

आता उणिवा. अंतिम अहवाल कबूल केलेल्या तारखेनंतर पाच आठवड्यांनी आला आणि त्यात आमचे दप्तर ‘एकूण ८७ टक्के नियमानुसार’ असल्याचे एका रंगीत चकतीने दाखवले होते. या टक्केवारीचा अर्थ मला अजूनही लागलेला नाही. सात माणसांचे मूळ कागद नसणे आणि एका हजेरीपत्रकावर खोलीचा क्रमांक नसणे, हे दोन्ही तिच्यात सारख्याच वजनाने मोजलेले आहेत. व्यवस्थापन असा आकडा पाहून समाधान मानते, म्हणून तो नुसता निरुपयोगी नसून घातक आहे. अग्निशमनाच्या सरावाकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. नियम अशा सरावातून प्रत्यक्ष हाताळणीचा अनुभव अपेक्षितो. आमच्या नोंदींत सरावाची तारीख असते, पण कोणी होज धरला आणि कोण नुसते पाहत होते याचा उल्लेख नसतो. ही त्रुटी तपासनिसांच्या नव्हे, आमच्याच एका शिफ्ट-प्रमुखाच्या लक्षात आली. शिवाय तिन्ही दिवस ते दिवसपाळीतच आले. रात्रपाळीत माणसे कमी असतात, बदली कामगार जास्त असतात आणि ‘आज तू हे बघ’ असे तोंडी सांगण्याचे प्रसंगही तेव्हाच येतात, त्यामुळे कागद आणि काम यांतील फट तेथे सर्वांत रुंद असण्याचा संभव आहे.

ज्या केंद्राचे दप्तर एकाच व्यक्तीच्या हाती वर्षानुवर्षे आहे, त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी, कारण स्वतःच रचलेल्या कपाटातील उणीव स्वतःला दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगते आहे. ज्यांच्याकडे वर्क ऑर्डर आणि पात्रतेच्या नोंदी आधीच एकमेकींशी जोडलेल्या आहेत, त्यांना पहिल्या दोन दिवसांत फारसे नवे मिळणार नाही. त्यांनी एका दिवसाचीच तपासणी मागावी. करार करताना अहवालाची तारीख आणि टक्केवारीऐवजी त्रुटींची गांभीर्यानुसार यादी, या दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. पुढच्या तपासणीसाठी आम्ही याच संस्थेला पुन्हा बोलावले असून, तीन दिवसांपैकी एक रात्रपाळीत घालवण्याची अट त्यांनी मान्य केली आहे.