मोटरवर हलणारी झोळी : सात आठवडे वापरल्यावर

किंमत २,८५० रुपये. खोक्यात मोटरचा डबा, स्प्रिंग, कापडी झोळी, अडॅप्टर आणि रिमोट. खोक्यावर एक गोरंपान झोपलेलं बाळ आणि खाली 'रात्रभर शांत झोप'. मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे, तेव्हा मोटरबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे. शांत झोपेबद्दल बोलायचा हक्क आमच्या ठमीचा. ती अकरा महिन्यांची आहे आणि सध्या 'बाबा' आणि 'काऊ' एवढंच बोलते, म्हणून तिच्याही वाटचं मीच लिहितो.

दुकानाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. असा माल पाच-सहा नावांनी विकला जातो, आतली मोटर बहुतेक एकाच जातीची.

ठमी पहिले आठ महिने गुणाची होती. नऊला झोपायची, रात्री एकदा-दोनदा दूध पिऊन परत झोपायची. शेजारच्यांना आम्ही हे कौतुकाने सांगायचो, तिथेच चुकलं असं आईचं मत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला जी किंचाळून उठली ती पहाटेपर्यंत दर तासाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आई एरंडोलकडची, घरात अहिराणीच बोलते. "माय वं, पोरले नजर लागनी," म्हणत तिने मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून टाकल्या. मिरच्यांचा ठसका आम्हा तिघांना लागला. ठमी रडायची थांबली नाही.

मग बेंबीभोवती हिंग झालं. जायफळ उगाळून द्यायचं निघालं, ते बायकोने हाणून पाडलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने सर्दीचं एक सिरप पुढे केलं, "थोडं द्या, मस्त झोपेल." बायकोने बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन. केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं कळवलंय आणि तसं बाटलीवर छापायलाही सांगितलंय. छापलेलं होतंही. मेडिकलवाला म्हणाला, "सगळे नेतात." बाटली तिथेच ठेवून आलो.

माझी पहिली पाळी सकाळी सातची. झोप नसताना चालू मशीनच्या पट्ट्याजवळ हात घालणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. गुढीपाडव्याच्या सुमारास मी झोळी घेऊन आलो.

आता वस्तूबद्दल. बसवायला वीस मिनिटं लागतात. आईच्या माहेरी धाब्याचं घर होतं, तिथे कडीपाटातल्या लोखंडी कडीला लुगड्याची झोळी टांगायचे, आणि त्या कडीने म्हणे तीन पिढ्या झुलवल्या. आमच्या पिंप्राळ्याच्या घरात स्लॅब आहे, पंख्यासाठी सोडलेला जास्तीचा हुक होता, त्याला टांगली. मोटर झोळीला वरखाली हलवते, पाळण्यासारखी आडवी नाही. वेगाला एक फिरकी आहे. सर्वांत हळू वेग चांगला आहे, अगदी आईच्या मांडीसारखा. मधला चालेल. शेवटचा वेग कोणी आणि का ठेवला असेल ते मला कळलं नाही, त्यावर गव्हाचं पोतं ठेवलं तर दळून निघेल. आवाज घूं-टक, घूं-टक. आमच्या लूमच्या, म्हणजे चटई विणायच्या मागाच्या, मानाने काहीच नाही, पण बायकोला तो स्वप्नात ऐकू यायला लागला.

खोक्यावर १५ किलो लिहिलंय. मोटर तेवढं पेलते, मी तांदळाच्या गोणीने पाहिलं. कच्चं काम आहे ते आकड्यात. स्प्रिंग वर ज्यात अडकते तो आकडा उघड्या तोंडाचा आहे, त्याला खटका नाही. तीन आठवड्यांनी स्टुलावर चढून बॅटरी मारली, तर आकड्याच्या आतल्या कमानीत रंग उडून नखाएवढी चकचकीत रेघ पडली होती. बोट फिरवलं तर खाच लागत होती. मिनिटाला साठ-सत्तर वेळा लोखंडावर लोखंड घासतंय, दुसरं काय होणार! आणि त्याच्या खाली आपलं लेकरू. मी साठ रुपयांचं स्टीलचं डी-शॅकल (पिनने बंद होणारी कडी) आणून आकडा बदलला आणि वरून एक नायलॉनचा पट्टा सुटा बांधला. शॅकल तुटलंच तर झोळी चार बोटं खाली येऊन अडकेल. कंपनीला हे साठ रुपये परवडत नव्हते? स्प्रिंगवर कापडी खोळही नाही. वेटोळ्यात बोट किंवा बाईमाणसाचा केस अडकू शकतो. ती बायकोने जुन्या पायजम्याच्या पायाची शिवली.

अडॅप्टर तापतो. टायमरला १५ मिनिटं, ३० मिनिटं आणि 'सतत' असे तीन पर्याय. सततवर दोन तास ठेवला की हात लावू देत नाही. दुकानदाराकडे गेलो, त्याने भिंतीवरच्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बोट दाखवलं. पण अडॅप्टर मात्र कुरकुर न करता बदलून दिला. नवाही तापतो.

पहिल्या रात्री ठमी सहा मिनिटांत झोपली. मी स्वतःवर इतका खूश झालो की रिमोट उशाखाली ठेवून देवाला हात जोडले. टायमर अर्ध्या तासाने थांबला. आणखी वीसेक मिनिटांनी ती उठली. रिमोट दाबला, झोपली. पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या रात्रीपर्यंत रिमोट दाबायला उठणारा माणूस मी झालो होतो. म्हणून सततवर ठेवायला लागलो, आणि मग एप्रिल आला. रात्री दोनला लाइट गेली. कूलर बंद, पंखा बंद, मोटर बंद. ठमीने जी बोंब ठोकली ती अख्ख्या गल्लीने ऐकली. आई अंधारातून म्हणाली, "लाइट गई, आते तूच हालाव." पावणेचारपर्यंत हलवली.

मधे नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली, तिच्यानंतर आठवड्याभराने एक दिवस अंग तापलं आणि उतरलं. त्या लसीनंतर असं होऊ शकतं हे नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. पण रात्रीचं रडणं ताप नसतानाही चालूच होतं, तेव्हा शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. हे आधी करायला हवं होतं. डॉक्टरांची फी झोळीच्या किमतीच्या पाव भागाहून कमी.

डॉक्टरबाईंनी ठमीचे सगळे कपडे काढायला लावले. कान पाहिले. कानात सूज असली की आडवं झाल्यावर जास्त दुखतं, म्हणून मुलं नेमकी रात्री रडतात. घसा पाहिला, पोट दाबलं, जांघेत हर्निया आहे का पाहिलं. मग पायाची बोटं एकेक सुटी करून बघायला लागल्या. मी विचारलं, बोटं कशाला? म्हणाल्या, बाळंतपणानंतर आईचे केस फार गळतात, एखादा केस बाळाच्या बोटाला गुंडाळतो, मोज्यात दिसत नाही, आवळत जातो आणि बोट सुजतं. पोर रात्रभर रडतं आणि घरचे दात शोधत बसतात. मी बारा वर्षं मशीनमध्ये अडकलेले धागे काढतोय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्रीपासून झोपवताना मी तिची बोटं मोजतो.

बोटं ठीक होती, सगळंच ठीक होतं. कधी ताबडतोब यायचं तेही बाईंनी सांगितलं : ताप, सारख्या उलट्या, दूध सोडणं, पोर मलूल होणं, किंवा गुडघे पोटाशी ओढून थांबून थांबून जोरात रडणं आणि शीमध्ये रक्त. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. दात येताना हिरड्या दुखतात, पण महिनाभर दर तासाला उठायला दात हे कारण पुरत नाही.

मग त्यांनी विचारलं, "रात्री उठल्यावर ती करते काय?"

बायको म्हणाली, "खाली गादीवर घेतलं की खिडकीची जाळी धरून उभी राहते."

"आणि मग?"

"मग रडते."

"तिला उभं राहिल्यावर खाली बसता येतं का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. येत नव्हतं. दिवसा उभी राहिली की कोणीतरी पटकन उचलून घ्यायचं, आई तर टाळ्या वाजवायची. नऊ महिन्यांच्या आसपास मुलं धरून उभी राहायला शिकतात, आणि नवं शिकलेलं अर्ध्या झोपेतही करून बघतात. वर जाता येतं, खाली यायची कला नंतर येते. आमची पोर रात्री दोन वाजता जाळीला लोंबकळून, आता पुढे काय, म्हणून रडत होती, आणि मी तिच्यासाठी मोटर विकत आणली होती.

दुसरं कारण बायकोने स्वतःच सांगितलं. ती पतसंस्थेत आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात कामावर परत गेली. या वयात मुलांना कळायला लागतं की आई डोळ्यांआड गेली तरी ती कुठेतरी असते, म्हणून मग ती हवी असते. डॉक्टरबाईंनी औषध दिलं ते 'भॉक' खेळायचं. ओढणीमागे लपायचं, परत दिसायचं, दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा.

झोळीचं कळलं तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या कामावरून लगेच पटलं. मोठ्यांची झोप दीडेक तासाच्या फेऱ्यांत होते, बाळांची फेरी लहान, साधारण ५० ते ६० मिनिटांची. दर फेरीच्या शेवटी झोप पातळ होते. झोपताना जे होतं तेच तेव्हा असेल तर पोर कूस बदलून झोपतं, नसेल तर उठतं. आमच्याकडे रात्रपाळीत लूमच्या खडखडाटात ऑपरेटर डुलक्या घेतात. धागा तुटून लूम थांबला की त्या शांततेने खाडकन जागे होतात. ठमीचा लूम मी दर अर्ध्या तासाने थांबवत होतो.

शिवाय आता ती झोळीत ठेवायच्या वयाचीही राहिली नव्हती. जागी झाली की दोन्ही काठ धरून गुडघ्यावर यायची. तिथून डोक्यावर पडायला कितीसा वेळ! आणि अगदी तान्ह्या बाळाचा प्रश्न वेगळा : झोळीत पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो. अमेरिकेत २०२२ साली कायदाच झालाय, १० अंशांहून जास्त कल असलेली बाळांची झोपायची साधनं विकायला बंदी. घरी येऊन मी झोळीत उशी ठेवून कोनमापक लावला. पाठीचा कल २३ अंश भरला. हा कायदा काही झोळीसाठी केलेला नाही, पण मला आकडा पाहून कसंतरी झालं. बाळाने झोपायचं ते सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर, तोंडाजवळ उशी-गोधडी काही नाही. खोक्यावर यातलं अक्षरही नाही.

त्या रात्रीपासून गादी जमिनीवर. दिवसा आई तिला खाटेला धरून उभी करायची आणि खेळणं खाली टाकायची, म्हणजे ते घ्यायला ती गुडघे वाकवेल. पहिले दोन दिवस धपकन पडली, तिसऱ्या दिवशी जमलं. संध्याकाळी रोज त्याच वेळी अंघोळ, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी किंवा कुस्करलेलं केळं (रात्री केळ्याने सर्दी होते यावर आईचं आणि डॉक्टरांचं अजून एकमत नाही), दूध, दिवा बारीक, आणि पूर्ण झोप लागायच्या आत गादीवर. उठली तर लगेच उचलायचं नाही, मिनिटभर ऐकायचं, मग पाठीवर हात. कूलरचा झोत तिच्यावर नको, पण मानेला घाम येतोय का ते बघायचं. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर निम्मं रडणं उकाड्याचंच असतं, त्याला कुठला डॉक्टर काय करणार.

चौथी रात्र सगळ्यांत वाईट गेली. त्या रात्री मी झोळी परत टांगायला स्टूल आणलं होतं, बायकोने ते स्टूल स्वयंपाकघरात नेऊन त्यावर पाण्याचा हंडा ठेवला. नवव्या-दहाव्या रात्री ती एकदाच उठली, आणि ते दुधासाठी. आता कधी एकदा, कधी दोनदा. परवा मी जागा होतो. उठली, जाळी धरली, अंधारात आमच्याकडे पाहिलं, हळूच गुडघे वाकवून खाली बसली आणि बोट तोंडात घालून आडवी झाली.

तर तारे : मोटरला चार, आकड्याला शून्य, खोक्यावरच्या वाक्याला उणे. दिवसा कोणी समोर बसून असेल, बाळ अजून पालथं पडत नसेल, आणि आईला अर्धा तास जेवायचं असेल, तर झोळीचा उपयोग आहे. झोप लागली की उचलून सपाट गादीवर. रात्रीसाठी घेऊ नका. घेतलीच तर आधी शॅकल घ्या.

खोटेनगरच्या एका मित्राकडे पंधरवड्यापूर्वी बाळ झालं. त्याने विचारलं, विकतो का. हे सगळं त्याला सांगितलं, आकड्याची खाचही दाखवली, आणि शॅकल-पट्ट्यासकट १,२०० म्हटलं.

तो म्हणतो, हजार.