समृद्धीवर लाख मोलाचा, वर्धा रोडवर डोक्याला ताप: ॲडाप्टिव्ह क्रूझ

नागपूरहून संभाजीनगरला माहेरी जायचं तर समृद्धीच. कारला १२०ची मर्यादा, दुचाकीला बंदी, वळणं नावापुरती. सरळ आणि तितकाच कंटाळवाणा रस्ता. म्हणून एक्सयूव्ही ७०० घेताना मी ॲडाप्टिव्ह क्रूझवाल्या, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप सांभाळणाऱ्या, वरच्या मॉडेलवर अडून बसले. नवऱ्याचा डोळा सनरूफवर होता, माझा यावर.

शिवमडक्याला चढलं की ११०चा वेग लावायचा, पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात जास्त ठेवायचं आणि पाय मोकळा. उजव्या लेनमध्ये एखादा ट्रक रेंगाळत असला की रडार आणि कॅमेऱ्याला ते कळतं, गाडी आपोआप मंदावते. ट्रक बाजूला झाला की पुन्हा वेग धरते. सुरुवातीला सासूबाई मागून ओरडायच्या, "अगं, पाय कुठाय तुझा?" आता जालन्यापर्यंत घोरतात. माझ्या उजव्या पोटरीत गोळे येणं थांबलं, तिथेच पैसे वसूल.

पण रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकच्या बाबतीत या यंत्रावर विसंबू नका. पुढे धावणारी गाडी रडार नीट ओळखतं. आधीपासूनच थांबलेली वस्तू मात्र आपण वेगात असताना ते बरेचदा सोडून देतं. नाही तर प्रत्येक पाटीला नि पुलाला ब्रेक लागला असता. समृद्धीवर रात्री कडेला, कधी अर्धे लेनमध्येच, ट्रक उभे असतात. त्यामुळे अंधार पडला की माझा पाय ब्रेकजवळच असतो. धो धो पावसातही मी हे बंदच ठेवते.

शहरात तर नावच काढू नका. संध्याकाळी वर्धा रोडवर पुढे जागा सोडली की कुणीतरी घुसणारच. तो घुसला की गाडी ब्रेक मारते आणि मागचा हॉर्न.

घेणाऱ्यांनो, 'ॲडास (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा संच) आहे' एवढं ऐकून मान डोलावू नका. २०२३च्या व्हेन्यूत आणि २०२४च्या सोनेटमध्ये लेव्हल १, म्हणजे प्राथमिक पातळीचं, ॲडास होतं, पण हे क्रूझ नव्हतं. उलट २०२४च्या होंडा अमेझच्या झेडएक्स या वरच्या मॉडेलमध्ये ते आलं, दहा लाखांच्या आत-बाहेरच्या गाडीत! नव्वदचं दशक संपताना हीच चैन मर्सिडीजच्या एस-क्लासवाल्यांना मिळत होती. आणि हेही विचारा: पुढची गाडी थांबली तर आपली पूर्ण थांबते का, की ठरावीक वेगाखाली हात वर करते? मॅन्युअल गिअरवाल्यांनी तर आवर्जून विचारावं.

ट्रकवाल्यांना हे आपल्याआधी मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. युरोपात नव्या अवजड ट्रकना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा २०१५पासून सक्तीची आहे. आपल्याकडे रात्रभर सळया वाहणारा माणूस अजून चहावरच जागा राहतो.

टेस्ट ड्राइव्ह मागाल तेव्हा गाडी आउटर रिंग रोडला न्यायचा हट्ट धरा. शोरूमच्या मागच्या गल्लीत यातलं काहीच कळत नाही.